अडीच फूट उंचीचा नियोजित प्रकल्प

अशा प्रसंगी लेखणी थरथरते असे लिहिण्याची पद्धत आहे. माझी लेखणी थरथरत नाही. कान मात्र तापले आहेत, आणि हा मजकूर पूर्ण होईपर्यंत ते निवतील अशी आशा नाही.

माझ्या आईला घराबाहेर पडायचे होते. एवढीच गोष्ट. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती चाकांच्या खुर्चीत होती. आमच्या घराचे जोते जमिनीपासून अडीच फूट उंच, आणि दारापुढे चार पायऱ्या. खुर्चीला पायऱ्या उतरता येत नाहीत, आणि आईला उचलून खाली नेण्याची कल्पना मी मांडली तेव्हा ती म्हणाली, "मी काय कपाट आहे का?" म्हणून दारापुढे सिमेंटचा एक उतार करावा असे ठरले. गवंडी आला. त्याने दाराकडे पाहिले, अंगणाकडे पाहिले, तंबाखू गालात सरकवली आणि म्हणाला, "सहा दिवसांचं काम. सोमवारी येऊ?"

"या," असे मी म्हणालो असतो तर ही हकिकत येथेच संपली असती. परंतु मी पडलो ग्रंथांच्या सहवासातला माणूस.

येथे माझ्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला आहे. शाळा मी सातवीत सोडली, किंबहुना सातवीने मला सोडले. परंतु त्यानंतरच्या तीस वर्षांत जेवढी पुस्तके माझ्या हातांखालून गेली तेवढी एखाद्या विद्वानाच्या डोळ्यांखालून गेली नसतील. छापखान्यातून आमच्याकडे पुस्तक म्हणून काही येत नाही. येतात ते सोळा सोळा पानांचे घडी घातलेले गठ्ठे. त्यांना फर्मे म्हणतात. पहिल्या फर्म्याची एक थप्पी, दुसऱ्याची दुसरी, अशा थप्प्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकीतून एकेक फर्मा उचलत जायचे, मग शिलाई, मग खळ, मग पुठ्ठा. उचलता उचलता मी वाचतो. त्यामुळे माझे ज्ञान सोळा सोळा पानांच्या तुकड्यांत आहे हे मी प्रांजळपणे मान्य करतो. तथापि 'किंबहुना', 'तद्वतच' आणि 'उपरोक्त' हे शब्द मी अडखळल्याशिवाय वापरतो. मालक मला 'पंडित' म्हणतात. ते चेष्टेने म्हणतात, असे माझ्या पत्नीचे मत आहे.

उरलेसुरले फर्मे रद्दीत जातात. त्यांतले थोडे मी घरी आणतो. आमच्या घरातील प्रत्येक फळीवर, डब्यांखाली, औषधाच्या बाटल्यांखाली छापील कागद अंथरलेला असतो. पाहुण्यांना हे दारिद्र्य वाटते. मला तो संस्कार वाटतो.

तर, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे बांधकामाच्या नियमांचे पुस्तक बांधणीस आले होते. देशभर लागू असलेली बांधकाम संहिता आणि आमच्या शहराचे स्थानिक नियम, दोन्ही एकत्र. पालिकेसाठी तीनशे प्रती, तातडीचे काम. त्यातली पुठ्ठा तिरका बसलेली एक प्रत मालकांनी मला दिली होती. मी ती उशाशी ठेवत असे. वाचली नव्हती, परंतु असा ग्रंथ उशाशी असलेल्या माणसाने गवंड्याला "सोमवारी या" म्हणावे, हे मला शोभले नसते.

"थांबा," मी म्हणालो. "प्रथम नियम पाहावे लागतील."

"उताराला कसले आलेत नियम?" गवंडी म्हणाला.

मी हसलो. त्या हसण्याची आज मला फार लाज वाटते.

आई आतून म्हणाली, "अरे, उताराला परवानगी लागत नाही."

"आई, हा कायद्याचा विषय आहे. यात भावनेला स्थान नाही."

"भावना कुठली? लागत नाही म्हणजे लागत नाही. मी वाचलंय."

"वाचन आणि वाचन यांत फरक असतो, आई," असे म्हणून मी तिच्या खोलीतील फळीवरून बाटली काढली आणि तिला शक्तीच्या औषधाचे दोन चमचे पाजले. तोंडात औषध असताना माणसाला वाद घालता येत नाही.

गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेला, आणि मी तीन आठवडे नियमांचा अभ्यास केला. वाचकहो, तो ग्रंथ रम्य होता. त्यात लिहिले होते की उतार जितका उंच असेल त्याच्या बारा पट लांब असावा. अडीच फुटांस तीस फूट. आमचे अंगण पुढे बारा फूट खोल आणि रुंदीला वीस फूट. तेव्हा उतार भिंतीला समांतर पंधरा फूट जाईल, वळेल आणि पुन्हा पंधरा फूट परत येईल, असा आराखडा मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढला. आईला दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. पण हा पुठ्ठा आहे. मी यावरून उतरू का?"

आमच्या शेजारच्या गृहस्थांस सर्व आळी 'अनुभवी' म्हणते. त्यांनी आयुष्यात भिंतीला खिळा ठोकलेला नाही, परंतु तीन मेहुण्यांची घरे बांधली जात असताना त्यांनी समोर खुर्ची टाकून पाहिली आहेत. ते कुंपणावरून वाकून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. पालिकेत लहान काम म्हणून कधी जाऊ नका. लहान कामाला तिथे कुणी ढुंकून बघत नाही. प्रकल्प म्हणा, प्रकल्प! बसायला खुर्ची देतात."

मला खुर्ची दिली नाही. बाक दिला.

त्या बाकावर एक घड्याळजी बसले होते. अंगाने वाळलेले, एका डोळ्यावर भिंग लावून लावून त्या डोळ्याभोवती कायमचे वर्तुळ पडलेले. त्यांच्या दुकानाच्या खिडकीतून पावसाचे पाणी थेट कामाच्या टेबलावर पडत असे, म्हणून खिडकीवर दोन फूट रुंदीचा पत्रा ठोकण्याची परवानगी त्यांना हवी होती.

"किती दिवस झाले?" मी विचारले.

"अकरा महिने," ते म्हणाले. "चौदा घड्याळं भिजली. एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्यापेक्षा माझं मनगट कोरडं आहे."

"फारच अन्याय."

"ज्या कुणामुळे हे चाललंय ना, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. फार काही करणार नाही. नुसतं बघायचंय त्याच्याकडे."

"तो अत्यंत निष्काळजी इसम असला पाहिजे," असे मी पूर्ण विचारांती म्हणालो. हे वाक्य मी आता लिहितो आहे, परंतु वाचू शकत नाही.

कारकून साहेब स्वभावाने वाईट नव्हते. त्यांच्यापुढे माझ्याच ग्रंथाची प्रत होती, तिचा पुठ्ठा मात्र सरळ बसलेला. ते पाने चाळून म्हणाले, "यात लहान काम, मोठं काम असा भेदच नाही हो. बांधकाम म्हणजे बांधकाम. नवीन प्रकल्पाचा फॉर्म भरा."

"परंतु साहेब, हा केवळ उतार आहे."

"समजलं. पण पान दाखवा मला, जिथे लिहिलंय उतार वेगळा."

मला असे पान माहीत नव्हते. मी ग्रंथ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता, आणि साहेबांचे म्हणणे बरोबर होते. दोन अभ्यासू माणसांचे एकमत झाल्याचा मला आनंद झाला.

फॉर्म बावीस पानी होता. मजले किती: शून्य. रहिवासी किती: एक (मातोश्री). वाहनतळाची सोय: मातोश्री स्वतःच वाहनावर आहेत. आग विझवण्याची व्यवस्था: शेजाऱ्यांची नळी. उद्वाहन (लिफ्ट): नाही, कारण उद्वाहन असते तर उतार कशाला. कामगारांसाठी स्वच्छतागृह: आमचेच. पत्नीने ते उत्तर वाचले आणि म्हणाली, "गवंड्याच्या आधी मला विचारायचं होतंत." अखेरच्या रकान्यात 'प्रकल्पाचा हेतू' विचारला होता, आणि जागा एका ओळीची होती. मी पुरवणी जोडली. तिच्यात मातृप्रेम, मुक्त वायू आणि चक्राचा शोध या तीन विषयांवर चार पृष्ठे लिहिली. साहेबांनी ती वाचताना दोनदा चष्मा पुसला. भावनेने की कसे, हे कळले नाही.

नियमानुसार कामाच्या जागी फलक लावणे आवश्यक होते, म्हणजे ज्यांच्या हरकती असतील त्यांना त्या तीस दिवसांत मांडता येतात. फलक मी स्वतः रंगवला. पुस्तकाचे मुखपृष्ठ नेहमी डोळ्यांपुढे असल्याने अक्षरे मोठी आणि मजकूर थोडका ठेवला: "नियोजित प्रकल्प. उंची, लांबी व रचना संहितेप्रमाणे. सर्व मजले अपंगस्नेही." शेवटचे वाक्य मी नियमावलीतून जसेच्या तसे घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक दलाल बूट वाजवत आला. "दोन खोल्यांचा ब्लॉक आहे का? पूर्वेचा? वरचा मजला नको, पंप बिघडतो." मी म्हणालो, प्रकल्पास मजले नाहीत. तो हसला आणि डोळा मारून म्हणाला, "कळलं, कळलं. अजून मंजुरी नाही. मी कुणाला बोलत नाही." त्याने बहुधा न बोलण्याचे व्रत फार मोठ्याने पाळले असावे, कारण संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात सात मजली इमारत उभी राहणार ही वार्ता आळीभर झाली. पलीकडच्या काकूंनी माझ्या पत्नीशी बोलणे सोडले. त्यांच्या वाळवणाचे ऊन जाणार होते. चौथ्या दिवशी सदतीस सह्यांचा हरकत अर्ज पालिकेत दाखल झाला, आणि पहिली सही अनुभवींची होती.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना प्रकल्प म्हणा?" मी कुंपणावरून विचारले.

"सल्ला मी मित्र म्हणून दिला," ते गंभीरपणे म्हणाले. "हरकत शेजारी म्हणून घेतली."

आई खोलीतून ओरडली, "त्यात माझीही सही घ्या रे! माझं ऊन पाच महिन्यांपूर्वीच गेलंय."

हरकतींमुळे जागेची पाहणी करण्यास पालिकेचे तरुण अभियंता साहेब आले. मोजपट्टी त्यांच्या कमरेला, आणि ग्रंथ काखेत. त्यांनी प्रथम सात मजले शोधले. ते न सापडल्याने थोडे निराश झाले. मग त्यांनी रस्त्यापासून भिंतीपर्यंत अंगण मोजले, पुस्तक उघडले, आणि म्हणाले, "समोर दहा फूट जागा पूर्ण मोकळी हवी. एक इंच बांधकाम चालणार नाही."

"परंतु साहेब, राष्ट्रीय संहिता म्हणते उतार तीस फूट लांब असावा. आणि स्थानिक नियम म्हणतात अंगणात काही नसावे. मग उतार करावा कुठे?"

"ते दिलेलं नाही."

"आत करू का? स्वयंपाकघरातून?"

ते खरोखर विचार करू लागले. पत्नीने माझ्याकडे असे पाहिले की मी सूचना मागे घेतली. इतक्यात त्यांची नजर आमच्या चार पायऱ्यांवर गेली. त्यांनी मोजल्या. भिंतीपासून पुढे चार फूट.

"याही बेकायदा आहेत," ते म्हणाले. आवाजात खेद होता. "नोटीस येईल. महिनाभरात पाडा."

येथे कोणताही सामान्य नागरिक महिनाभर थांबला असता. नंतर मुदतवाढ मागितली असती. मी सामान्य नागरिक नव्हतो. मी तीन आठवडे अभ्यास केला होता. मी त्याच दुपारी पहार आणली आणि चारही पायऱ्या स्वतःच्या हातांनी फोडल्या. दुसऱ्या पायरीपाशी अनुभवी आले आणि म्हणाले, "तिरकी मारा, तिरकी." तिसऱ्या पायरीपाशी आई खिडकीशी आली. चौथी फोडताना मला अभिमान वाटत होता, हे कबूल केलेच पाहिजे.

संध्याकाळी पत्नी शिवणाच्या दुकानातून परत आली. दाराचा उंबरठा कमरेच्या उंचीवर होता.

"आधी एकट्या आई अडकल्या होत्या," ती पिशवी वर फेकत म्हणाली. "आता अख्खं घर अडकलं. बरं केलंत. कुणाला वाईट वाटायला नको."

त्या दिवसापासून आम्ही स्टुलावरून ये-जा करू लागलो. दूधवाला पिशवी वर धरून उभा राही, जणू एखाद्या गोदामात माल देतो आहे. मी एकदा हातात भाजी घेऊन उतरताना स्टुलासकट अंगणात पडलो आणि पडल्या पडल्या प्रथम इकडेतिकडे पाहिले. कुंपणापलीकडून आवाज आला, "डावा पाय आधी!" पत्नीने साडीवरून माझी जुनी विजार चढवून उडी मारण्याची एक पद्धत बसवली. ती पद्धत उत्तम होती, पण तिचे साक्षीदार आळीतील सर्व होते. मी मान वर करून चालणे सोडले. कारखान्यात मालक म्हणाले, "पंडित, घरी कसं काय?" मी म्हणालो, "काम वरच्या पातळीवर आहे." ते खरेही होते.

असे पंचवीस दिवस गेले. रविवार होता. आईची औषधाची बाटली संपली म्हणून मी नवी ठेवण्यास गेलो. आई म्हणाली, "थांब. बाटली ठेवू नकोस. खालचा कागद काढ."

"का?"

"काढ तर. आणि वाच. तुला वाचनाचा नाद आहे ना?"

मी कागद काढला. त्यावर औषधाचे तांबूस वर्तुळ पडले होते. वर्तुळाच्या बरोबर मध्ये छापले होते: "पुढील किरकोळ कामांस परवानगीची आवश्यकता नाही." खाली यादी. खिडकीवरील अडीच फुटांपर्यंतचे छज्जे व पत्रे. प्रवेशाच्या पायऱ्या, जोत्याची उंची तीन फुटांपेक्षा अधिक नसल्यास. वृद्ध व रुग्ण यांच्यासाठी उतार, पुढील मोकळ्या जागेतही, मात्र एकास बारा या प्रमाणात.

"हे तुला केव्हा सापडले?" माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"पडून असते ना दिवसभर. फळीवरचं सगळं वाचून झालंय. वरच्या फळीवर एक बाई विहिरीपाशी उभी आहे, सहा महिने, पुढचं पानच नाही. हे खालच्या फळीवरचं. तीनदा सांगितलं तुला. तिन्ही वेळा तू औषध पाजलंस."

कागदाच्या तळाशी पृष्ठांक होता: एकेचाळीस. मी उशाशी ठेवलेला ग्रंथ आणला. बत्तिसावे पान. पुढचे पान एकोणपन्नासावे. बत्तिसाव्याच्या शेवटी वाक्य पूर्ण होत होते आणि एकोणपन्नासाव्यावर नवे कलम सुरू होत होते, त्यामुळे वाचताना ठेचही लागली नव्हती. तेहतीस ते अठ्ठेचाळीस. सोळा पाने. म्हणजे तिसरा फर्मा.

मग मला तो दिवस आठवला, आणि मी आईच्या खाटेच्या कडेवर बसलो. तातडीचे काम होते. थप्प्या ओळीने मांडल्या होत्या. शेजारी एका कादंबरीचा शेवटचा फर्मा पडला होता, आणि तो वाचण्यासाठी बसायला स्टूल नव्हते. तीनशे फर्म्यांची थप्पी दोन वीत उंच होते. मी ओळीतली तिसरी थप्पी बाजूला ओढली आणि तिच्यावर बसलो. शेवट वाचून झाल्यावर उठलो, आणि ओळीत ज्या थप्प्या उरल्या होत्या त्या उचलत गेलो. तीनशेच्या तीनशे प्रती. काम झाल्यावर एक थप्पी तशीच शिल्लक दिसली. छापखान्याने जादा छापली असेल असे मी मालकांना सांगितले, थोडी घरी आणली, बाकीची रद्दीत दिली.

दोन वर्षे आमच्या शहरात कुणालाही परवानगीशिवाय पत्रा ठोकता येत नव्हता, पायरी बांधता येत नव्हती. कारण नियमाच्या त्या भागावर मी बसलो होतो.

"आता काय?" आई म्हणाली.

"जातो," मी म्हणालो, आणि स्टूल विसरून दारातून बाहेर पाऊल टाकले. पण रविवार होता. पालिका बंद होती. गुडघ्यावर फडके बांधून परत आलो.

सोमवारी मी सर्व फळ्या, सर्व डबे आणि गादीखालची जागा उचकून तिसऱ्या फर्म्याच्या अकरा प्रती जमवल्या. कारकून साहेबांनी आपली प्रत उघडली, बत्तीस पाहिले, एकोणपन्नास पाहिले, पुन्हा बत्तीस पाहिले. मग त्यांनी पुस्तक उलटे करून मागच्या पुठ्ठ्यावरचा आमच्या कारखान्याचा शिक्का पाहिला, आणि मग माझ्याकडे.

"दोन वर्षं," ते हळूच म्हणाले. "रोज लोकांना परत पाठवतोय मी. माझी बायको म्हणते, घरी पण तुम्ही सगळ्याला नाहीच म्हणता."

"साहेब, दोष सर्वस्वी—"

"गप्प बसा," ते कुजबुजले. "माझीही नोकरी आहे. पानं मीही मोजायला हवी होती. इथे रोजच्या वापरात अकरा प्रती आहेत. आता, इथे, चिकटवून द्या. बाकीच्यांचं मी पाहतो."

मी व्हरांड्यात खळ आणि ब्रश घेऊन बसलो आणि अकरा प्रतींत अकरा फर्मे बसवले. एकावर तेलाचे वर्तुळ, एकावर मेणबत्तीचे थेंब. साहेबांच्या वाट्याला शक्तीच्या औषधाचा आला. काम संपताच ते बाहेर येऊन बाकाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "नियमांचा पुन्हा अभ्यास केल्यावर असं आढळलंय की किरकोळ कामांना परवानगी लागत नाही. हे या जागरूक नागरिकांनी लक्षात आणून दिलं. सगळ्यांनी घरी जा."

बाकावरची माणसे उठली. घड्याळजींनी माझे खळ लागलेले दोन्ही हात धरले. त्यांच्या वर्तुळवाल्या डोळ्यात पाणी आले. "अकरा महिने," ते म्हणाले. "तुम्ही देवासारखे आलात." आयुष्यभर मला कुणीतरी विद्वान म्हणावे अशी इच्छा होती. त्या दिवशी सहा जणांनी म्हटले. मी "नाही, नाही" म्हणालो. त्यांना तो अधिकच विनय वाटला. मी घरी आलो.

गवंडी सोमवारी आला, पुढच्या. सहा दिवसांचे काम सहाच दिवसांत झाले. पंधरा फूट जाणारा, वळणारा, पंधरा फूट येणारा, दोन्ही बाजूंस कठडा असलेला उतार. शेजारी पुन्हा चार पायऱ्या. अनुभवींनी कठड्यावर हात फिरवून सांगितले, "मी म्हणालोच होतो."

सातव्या दिवशी सकाळी आईने धुतलेले पातळ नेसले आणि केस विंचरून घेतले. पत्नीने खुर्ची दारात आणली. मी मागची दांडी धरली. तेव्हा आईने दोन्ही चाकांच्या खिट्ट्या लावून टाकल्या.

"त्या घड्याळवाल्याला सांगितलंस?"

मी म्हणालो, "काय?"

"अकरा महिने कुणामुळे गेले ते."

"आई, साहेबांनीच बोलू नका म्हणून सांगितले. शिवाय ते मला देवासारखा—"

"म्हणूनच," आई म्हणाली. "ये सांगून. मी इथेच बसते. सवय आहे मला."

पत्नीने माझ्या चपला पुढे सरकवल्या.

घड्याळजींचे दुकान दोन वळणे पलीकडे आहे. ती दोन वळणे मी फार सावकाश चाललो. ते दुकानासमोर पत्रा आडवा ठेवून शिडी लावत होते. मला पाहून त्यांनी दोन्ही हात पसरले. मी त्या हातांच्या बाहेर उभा राहिलो आणि सर्व सांगितले. थप्पी, कादंबरी, रद्दी, फळी. एकही अवघड शब्द सुचला नाही. 'किंबहुना' सुद्धा.

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. नुसते पाहायचे होते, असे त्यांनी म्हटलेच होते. मग त्यांनी विचारले, "त्या थप्पीवर बसून जी कादंबरी वाचलीत, तिचा शेवट काय होता?"

मी आठवून पाहिले. खूप आठवून पाहिले.

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. खिशातून चार खिळे काढून दातांत धरले, शिडीवर चढले आणि दातांतूनच म्हणाले, "पत्रा धर."

'अहो' गेले, 'तुम्ही' गेले, 'देवासारखे' गेले. मी पत्रा धरला. ते फार निगुतीचे गृहस्थ निघाले. प्रत्येक खिळ्यास त्यांनी दहा मिनिटे घेतली, आणि पत्रा जड होता. शेवटचा खिळा बसल्यावर ते खाली उतरले, मागे सरून पाहिले, आणि आत जाऊन भिंग डोळ्याला लावून कामाला बसले. मी "येतो" म्हणालो. त्यांनी वर पाहिले नाही, पण हात हलवला. तो निरोपाचा होता की माशी हाकलण्याचा, यावर मी अजून विचार करतो.

परत आलो तेव्हा आई उताराच्या माथ्यावर तशीच बसली होती. ऊन तिच्या पायांवर आले होते.

"सांगितलंस?"

"सांगितले."

"काय म्हणाले?"

"पत्रा धर म्हणाले."

"धरलास?"

"धरला."

आईने वाकून खिट्ट्या काढल्या. तीस फूट उतरायला आम्हाला पाऊण मिनिट लागले, त्यातले बरेचसे वळणावर. खाली फाटकापाशी खुर्ची थांबली. आईने सहा महिन्यांनंतर रस्ता पाहिला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"कुठे जायचे, आई?" मी विचारले.

"घड्याळवाल्याकडे," ती म्हणाली. "पत्रा सरळ लागलाय का बघून येऊ. तू धरला होतास ना."